तांब्याला पाणी

गोटीच्या कॉम्प्युटरला सगळं आकाश सोसत होतं, फक्त शेवटचा तुकडा सोसत नव्हता.

तारांगणाच्या घुमटावर दाखवायचा एक खेळ ती घरी बसून तयार करत होती. संध्याकाळ होते, एकेक तारा लागतो, आकाश डोक्यावरून संथ सरकत जातं, आणि पहाटेच्या जरा आधी सगळे तारे एका तळ्यात उतरतात. पडत नाहीत, उतरतात. पाण्याला टेकतात, थोडा वेळ तिथेच डोलतात आणि विरघळून जातात. गोष्ट एवढीच. निवेदन नाही, संगीतही जवळजवळ नाही. तारांगणाच्या संचालकबाईंनी कच्चं काम दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "डागडुजी संपली की घुमट याच खेळाने उघडू. पण मला तळं हवं. तळ्याशिवाय हे नुसतं आकाश आहे, आणि ते लोकांना बाहेर फुकट दिसतं."

तळ्यापाशीच घोडं अडत होतं. कॉम्प्युटरला एकेक चित्र वेगळं काढावं लागे, आणि तळ्याच्या चित्रांत प्रत्येक ताऱ्याचे प्रत्येक लाटेवर तुकडे होत. ते तुकडे मोजता मोजता प्रोसेसर तापे. पंखा आधी गुणगुणे, मग किंचाळे, आणि शेवटी स्वतःचा जीव वाचवायला यंत्र एकदम बंद पडे. पडदा काळा होई. तारे पाण्याला टेकायच्या बेतात असत आणि तिथेच राहत.

यंत्र जुनं होतं. एका कार्यालयाने मोडीत काढलेलं, अंगापिंडाने दांडगं, कामाला खंबीर. पण त्याच्या प्रोसेसरची बैठक अशा मापाची होती की दुकानात मिळणारं गार करायचं कुठलंच साधन तिच्यावर बसत नव्हतं. दुरुस्तीवाल्याने माप घेतलं, हसला आणि झाकण परत लावून दिलं. तेव्हा गोटीने ठरवलं, आपणच करायचं. तांब्याचा ठोकळा घ्यायचा, त्याच्या पोटात नागमोडी पन्हळ कोरायची, वर झाकण बसवायचं, ठोकळा प्रोसेसरच्या डोक्यावर ठेवायचा आणि त्यातून पाणी खेळवायचं. तांबं उष्णता ओढून घेईल, पाणी ती वाहून नेईल, एका जाळीदार रेडिएटरमध्ये सोडेल आणि गार होऊन परत येईल. हौशी माणसं असे ठोकळे घरी करतात, हे तिने वाचलं होतं. ते गळले की काय होतं, हेही वाचलं होतं. चुकीच्या जागी एक थेंब पडला तर यंत्र गेलं, आणि त्याच्याबरोबर आकाशही.

तांबं मिळालं ते वायरमनकडून. एका जुन्या मोठ्या वीजपेटीतली जाड पट्टी त्याने कापून दिली होती. "एवढीच उरली होती," तो म्हणाला होता. "जपून वापरा, दुसरी मागायला येऊ नका."

पट्टीचा तुकडा गोटीने मागच्या खोलीत बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

बाबांचं सगळं आयुष्य पाणी देण्यात गेलं होतं. हे ऐकून नवख्या माणसाला वाटे की ते पाणीपुरवठ्याकडे होते. ते होते एका कारखान्यात, हत्यारं बनवायच्या विभागात. छिन्न्या, पंच, ड्रिलची पाती, असं सगळं पोलादी सामान त्यांच्या भट्टीत जाई. नेमका रंग आला की ते बाहेर काढायचं आणि पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. मऊ पोलाद त्या एका डुबकीत कडक होतं, धार धरायला लागतं. याला पाणी देणं म्हणतात. कारखान्यात बाबांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळे 'पाणीवाले' म्हणत. पुढे तिथे बंद भट्ट्या आल्या. त्यांना आत बघायला खिडकीसुद्धा नव्हती, रंग बघायचं कारणच उरलं नाही. बाबा घरी आले. मागच्या खोलीत त्यांनी एक टेबल मांडलं, ड्रिल बसवलं, विटा रचून छोटी भट्टी केली, आणि मग तिथे बसून वर्तमानपत्र वाचू लागले. शेजारपाजारचे सुऱ्या-कात्र्यांना धार लावून मागत. पाणी द्या, असं कुणी म्हटलं नव्हतं.

सकाळचा चहा चालला होता. गोटीला तारांगणात जायची घाई होती.

"बाबा, तुमच्या टेबलावर तांब्याचा तुकडा ठेवलाय," ती चप्पल शोधता शोधता म्हणाली. "त्याला पाणी द्यायचंय."

बाबांनी कप खाली ठेवला. "कधी हवाय?"

"जमलं तर आजच बघू."

"आजच," बाबा म्हणाले.

आई पाव कापत होती. "तांब्यात पाणी भरतात एवढं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तांब्याला पाणी देतात हे आजच ऐकते."

"तुला नाही कळायचं ते," बाप-लेक एकदम म्हणाले. दोघांच्याही मनात वेगवेगळी गोष्ट होती, आणि दोघांपैकी एकालाही ते कळलं नाही.

*

तारांगणात रंगारी काम करत होते. घुमटाला आतून नवा पांढरा रंग लागत होता. खुर्च्यांवर टाकलेल्या कापडांवर त्याचे बारीक शिंतोडे उडाले होते. संचालकबाई अशाच एका झाकलेल्या खुर्चीत मागे रेलून वर बघत बसल्या होत्या. गोटीही शेजारी जाऊन रेलली. तसं पडून बोललं की आवाज वर जाऊन, घुमटाला लागून, दुसऱ्याच कुणाचा होऊन परत येई.

"तळ्याचं काय?" वरून प्रश्न आला.

"होतंय."

"होतंय म्हणजे झालेलं नाही. तालमीच्या आधी मला हो किंवा नाही सांगायचं. नाही असेल तर जुना ग्रहणाचा खेळ लावते. लोक झोपतात त्यात, पण तो पूर्ण आहे."

"ग्रहण नका लावू, मॅडम."

"मला तरी कुठे लावायचंय," बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य पांढऱ्या घुमटावर थोडा वेळ रेंगाळलं.

दुपारी गोटी घरी आली तेव्हा मागच्या खोलीतून गरम विटांचा वास येत होता. खिडकी उघडी होती. बाबा खुर्चीवर ताठ बसले होते, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर काजळीचा एक पट्टा. समोर विटेवर तुकडा होता.

गोटीने तो आधी ओळखलाच नाही. सकाळी ठेवला तेव्हा तो तपकिरी, मळका, वीजपेटीतून निघालेला होता. आता तो गुलाबी होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गालासारखा. कडांना नारिंगी आणि जांभळ्या रंगाचे पट्टे एकमेकांत मिसळत गेले होते, आणि एका कोपऱ्यावर तर संध्याकाळच राहून गेल्यासारखी दिसत होती.

"भट्टीत लाल केला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज हळू होता, जणू तुकडा झोपला होता. "तांबं लाल होतं ना, तेव्हा पोलादासारखं पेटत नाही. आत कुणीतरी दिवा लावतंय असं वाटतं. मग पाण्यात सोडला. काळी साल आपोआप गळून पडली. खाली हे निघालं." त्यांनी खिळ्याचं टोक कडेवर टेकवून जरासं दाबलं. टोक रुतलं. "लोणी झालंय. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, तांब्याचं उलटं, ते नरम पडतं. तुला ठाऊकच असणार म्हणा, म्हणून तर सांगितलंस."

गोटी त्यांच्या हातांकडे बघत होती. ते हात आज कामावरून आलेल्या माणसाचे होते.

"हो," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात आईने तिला गाठलं. आई भांडी पुसत होती आणि वर न बघता बोलत होती. "तुला तसंच हवं होतं?"

"नाही. मला म्हणायचं होतं की त्यातून पाणी खेळवायचंय. भोकं पाडायला मदत करा, असं."

"आणि आता?"

"आता ते मऊ झालंय. मऊ तांबं ड्रिलला चिकटतं, कापताना फाटतं. स्क्रू आवळले की वाकतं. कडक होतं तेच बरं होतं."

"मग सांग की त्यांना."

"त्यांचा चेहरा बघितलास?"

"लग्न झाल्यापासून तेच करतेय," आई म्हणाली. "म्हणून सांगते, आज सांगितलंस तर तासभर पडेल. उद्या सांगितलंस तर जास्त दिवस पडलेला राहील."

गोटीने सांगितलं नाही.

*

ड्रिलने पहिल्याच भोकाला तांबं पकडलं. पात्याभोवती चकचकीत धागा गुंडाळला गेला, तुकडा पकडीतून सुटायला बघू लागला, आणि जे भोक पडलं त्याची कड दातांनी तोडल्यासारखी दिसत होती. बाबांनी तेल सोडून बघितलं. तेलाने काही फरक पडेना.

"दूध घालायचं म्हणतात," गोटी म्हणाली.

"कोण म्हणतात?"

"वाचलंय मी. तांबं कापताना दूध."

"एवढी वर्षं कारखान्यात काढली, कुणाला यंत्रावर दूध ओतताना नाही पाहिलं."

"तुमच्याकडे सगळं पोलाद होतं, बाबा."

"हे खरं," बाबा म्हणाले, आणि दाराकडे मान वळवून हाक मारली. "अगं, दूध आहे का?"

"चहा आत्ताच झाला ना?"

"चहाला नाही. तांब्याला."

आई वाटी घेऊन आली आणि बराच वेळ दारात उभी राहिली. बाबा ब्रशने थेंब थेंब दूध सोडत होते, गोटी ड्रिलचा दांडा हळूहळू खाली आणत होती. पातं आता गुणगुणत आत शिरत होतं. गुलाबी तांब्यावर पांढरी तळी साचत, त्यांत तांब्याच्या बारीक कड्या तरंगत आणि खिडकीतल्या उजेडात क्षणभर चमकून बुडत. "मांजर होतं ते गेलं म्हणून वाचलात," आई म्हणाली आणि निघून गेली.

मग त्यांच्या दुपारी तशाच जाऊ लागल्या. तारखा डोळ्यांसमोर असूनही त्या दुपारींना घाई नव्हती. भोकाला भोक लागून पडत गेलं, मधल्या भिंती छिन्नीने काढल्या, कानशीने घासल्या, आणि ठोकळ्याच्या पोटात एक पन्हळ तयार झाली. ती एका कोपऱ्यात सुरू होई, डावीकडे जाई, वळून उजवीकडे येई, परत वळे, आणि जणू काही विसरल्यासारखं वाटून समोरच्या कोपऱ्यात थांबे.

"नदी काढलीस की," बाबा म्हणाले. पन्हळीतून त्यांनी बोट फिरवलं. बोट जाड होतं, ते नदीच्या काठाकाठाने गेलं.

काम चालू असताना ते फारसं विचारत नसत. कारखान्यात कागद आला की त्यावर लिहिलेलं करायचं, कशाला ते विचारायचं नाही, अशी त्यांना सवय होती. पण गोटीने पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण कापलं आणि त्यात नळ्यांसाठी पितळेची दोन तोंडं बसवायला घेतली, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ही कशाला?"

"एकातून पाणी आत येणार. दुसऱ्यातून बाहेर."

बाबा झाकणाकडे बघत राहिले. मग पन्हळीकडे. मग परत झाकणाकडे.

"म्हणजे तू त्या दिवशी पाणी द्यायला सांगितलंस, ते हे पाणी."

"हो."

"भट्टीचं नाही."

"नाही, बाबा."

"मग पाणी फिरवायचंय, असं म्हणायचं."

आई दारात आली होती. "तसं म्हणाली असती तर तुम्ही काय केलं असतंत? सकाळी सकाळी पोरगी म्हणतेय, बाबा, माझ्या कामावर पाणी फिरवा. डॉक्टरला बोलावलं असतंत."

बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले, गोटीही हसली. मग हसता हसताच बाबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय?"

"मी वेगळं समजलो, ते."

गोटीला खोटं सांगता आलं असतं. "त्याच दिवशी," ती म्हणाली.

"आणि तू हो म्हणालीस."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. टेबलाच्या खणातून त्यांनी लाल रंगाची एक छोटी डबी काढली, झाकण निघेना तर पक्कडीने काढलं, आणि बारीक काडीने ठोकळ्याच्या कडेवर एक ठिपका लावला.

"आमच्याकडे माल बिघडला म्हणून कुणी कुणाला बोलत नसे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या हातून बिघडतो. लाल लावायचं आणि बाजूला ठेवायचा. पण बिघडलाय हे माहीत असून जो तो तसाच पुढे सरकवतो, त्याला परत भट्टीजवळ उभं करत नसत. कारण पुढे तो कुणाच्या तरी हातात जातो." त्यांनी डबी बंद केली. "चुकलो मी. ते राहू दे. मला कळू दिलं नाहीस, ते बरं नाही केलंस."

हात धुऊन ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. वर्तमानपत्र त्यांनी उघडलं, आणि त्याचं पान संध्याकाळपर्यंत उलटलं नाही.

*

गोटीने पुढचं एकटीने केलं. झाकणाखाली रबरी कडं बसवलं, चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळले, नळ्या जोडल्या. मत्स्यपेटीतला एक छोटा पंप तिने आणला होता, तो बादलीत सोडला. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे एक थेंब पडला तरी दिसावा. पंप चालू केला. पाणी नळीतून चढलं, झाकणाखाली शिरलं, आणि तिने काढलेल्या वळणांवरून खरोखरच नदी वाहू लागली. एक बुडबुडा प्रत्येक वळणावर थांबून, विचार करून पुढे गेला. ती किती वेळ बघत बसली हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग कागदावर एक डाग दिसला.

उजव्या कडेला, अगदी मधोमध, पाण्याचा मणी फुगत होता. फुगला, लांबला, पडला. दुसरा धरायला लागला. कोपरे आवळल्यावर मऊ तांबं मध्ये वाकलं होतं, आणि रबराची पकड तिथे सुटली होती.

पंप बंद करून ती पुढच्या खोलीत गेली.

"गळतंय," ती म्हणाली.

वर्तमानपत्रामागून आवाज आला. "कुठे?"

"उजव्या कडेला. मधोमध."

"झिरपतंय की थेंब धरतंय?"

"थेंब धरतंय."

"स्क्रू कसे आवळलेस?"

"एक पूर्ण. मग दुसरा. मग तिसरा."

वर्तमानपत्र खाली आलं. "आणि मला कशाला सांगतेस?"

"तुम्ही येऊन विचारलं असतंत, तर ठीक आहे म्हणून बसले असते," गोटी म्हणाली. "माझा भरवसा नाही. म्हणून विचारायच्या आत आले."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, पण मोजून. मग वर्तमानपत्राची घडी घातली, नीट चार कोपरे जुळवून, आणि उठले.

मागच्या खोलीत बाबांनी काचेचं एक जाड तावदान टेबलावर आडवं ठेवलं. ठोकळ्याच्या वरच्या काठावर त्यांनी निळी शाई पुसटशी फासली आणि तो काचेवर उपडा फिरवला. उचलून बघितलं. जिथे तांबं काचेला लागलं होतं तिथली शाई पुसली गेली होती, बाकीची तशीच होती. निळ्या पाण्यात गुलाबी बेटं होती.

"सगळीकडे बेटं झाली पाहिजेत," बाबा म्हणाले. "समुद्र राहता कामा नये."

काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून त्यावर ठोकळा गोल गोल फिरवायचा, धुवायचा, शाई लावायची, बघायचं. बाबा फिरवत, मग गोटी फिरवे. बेटं वाढत गेली, एकमेकांना जाऊन मिळाली. समुद्र आटून तळी राहिली, तळी आटून थेंब राहिले. फिरवताना होणारा आवाज दूरवरच्या लाटेसारखा होता, आणि दोघं तो ऐकत काम करत होते. पुढे तळाची बाजूही तशीच केली, जी प्रोसेसरवर बसणार होती. तिच्यात शेवटी गोटीला स्वतःचा चेहरा दिसला, गुलाबी, जरा झोपेतला.

झाकणावरून बाबांनी पोलादाची एक चौकट बसवली, दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून. मग पाना तिच्या हातात दिला.

"थोडा. आता समोरचा थोडा. आता हा, आणि याच्या समोरचा. परत पहिला. जोर नको लावू. कडक धातू ओढताना कुरकुरतो, सांगतो तरी. नरम धातू सांगत नाही, नुसता वाकतो."

गोटीचा पाना क्षणभर थांबला. बाबाही थांबले.

"मी तांब्याबद्दल बोलतोय," ते म्हणाले.

"हो का," गोटी म्हणाली, आणि पुढचा स्क्रू थोडा फिरवला.

या खेपेला पंप दिवसभर चालला. कागद कोरडा राहिला. आई येता-जाता वाकून बघे आणि म्हणे, "अजून वाहतेय का तुमची नदी?" दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बोटाने चाचपून बाबा म्हणाले, "धरलंय."

संचालकबाईंचा फोन आला तो तेव्हाच. हो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. "थोड्या वेळात सांगते," गोटी म्हणाली आणि मागच्या खोलीत परत आली.

"बाबा, मग लाल पुसायचं का?"

"नाही." बाबांनी ठोकळा हातात घेतला. "बिघडला तो बिघडलेलाच. आत्ता धरलं म्हणून त्याचा इतिहास बदलत नाही. पण आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याला माल वापरायचाय, त्याने येऊन बघायचं, काय बिघडलंय ते सगळं ऐकायचं, आणि मग म्हणायचं, चालवून घेतो. तसं म्हणाला तर लाल ठिपक्यासकट देत."

"निरोप पाठवून चालायचं?"

"छे. समोर उभं राहून म्हणावं लागे."

गोटी उठून उभी राहिली. बाबांनी तिला एकेक सांगितलं. तांबं मऊ आहे, पुन्हा उघडलं तर पुन्हा काचेवर घ्यावं लागेल. दुसऱ्या वळणापाशी भिंत पातळ झाली आहे, पहिल्या भोकाच्या वेळी फाटली ती. स्क्रू काही महिन्यांनी ढिले पडतील, बघत राहायचं. गोटीने सगळं ऐकून घेतलं. यातलं तिला सगळं माहीत होतं, तरी ऐकून घेतलं.

"चालवून घेते," ती म्हणाली.

"गळलं तर?"

"तर तुम्हाला लगेच सांगेन."

"झोपलो असलो तरी?"

"उठवून सांगेन."

"मग घेऊन जा," बाबा म्हणाले.

तिने फोन लावून संचालकबाईंना हो सांगितलं.

*

पंखा काढून टाकल्यावर गोटीची खोली तिला ओळखू येईना. इतके महिने त्या आवाजाखाली काय काय दबून गेलं होतं ते आता वर आलं. भिंतीवरचं घड्याळ. रस्त्यावरून जाणारी सायकल. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी लक्ष दिलं तरच कळेल असं, नळ्यांतून जाणारं पाणी.

बाबा आपली खुर्ची घेऊन आले, पण खुर्चीवर ते बसले नाहीत. कॉम्प्युटरची एक बाजू उघडी होती. तिच्यासमोर ते जमिनीवर मांडी घालून बसले. शेजारी गोटी गुडघ्यांवर. तिच्या हातात बॅटरी होती आणि बाबांच्या हातात कागदाची पातळ पट्टी. ती पट्टी ते प्रत्येक जोडाखाली नेत, टेकवत, उजेडात धरून बघत आणि पुढच्या जोडाकडे वळत. आकाश पुढे सरकत होतं. एकेक चित्र पूर्ण होऊन पडद्यावर येत होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"हात लावू का?" बाबांनी विचारलं.

"लावा."

त्यांनी ठोकळ्याच्या कडेवर बोट ठेवलं. "कोमट आहे," ते म्हणाले. मग बाहेर जाणाऱ्या नळीवर ठेवलं. "ही जरा जास्त. म्हणजे घेऊन जातंय." थोडा वेळ त्यांनी बोट तिथेच राहू दिलं. "इतकं तापतं कशाने हे? आत जळत तर काहीच नाही."

"तारे मोजतंय."

"सगळे?"

"पाण्यातले पण."

बाबांनी मान डोलावली. काम अवघड आहे हे त्यांना पटल्यासारखं दिसलं.

दुपार उतरायला लागली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं, नळीवर चढलं, आणि नळीतल्या पाण्याची बारीक थरथर छतावर पडली. गोटीने बॅटरी विझवली, आता तिची गरज नव्हती. दुसऱ्या वळणापाशी, जिथे भिंत पातळ होती, तिथे तिने नजर लावून ठेवली होती. बाबांची पट्टी खालच्या जोडापाशी होती. छतावरचं पाणी हलत होतं.

आई आत आली ती दिवा लावायला. बटणापर्यंत हात गेला आणि तिथेच राहिला. ती पडद्याकडे बघत उभी राहिली, ती दोघं नळीकडे बघत बसली होती.

"अहो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "किती वेळ ती नळी बघताय दोघं. तारे केव्हाच पाण्यात गेले."

गोटीने मान वर केली. पडद्यावर एकही तारा नव्हता. नुसतं तळं होतं, आणि त्याच्यावर पहाट व्हायला लागली होती.

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांनी पट्टी काढून पडद्याच्या उजेडात धरली, उलटी करून पुन्हा धरली.

"कोरडी आहे," ते म्हणाले.